भांडणानंतरचं घर

मराठी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक चार ओळींची बातमी नेमाने येते. मुलाचं किंवा मुलीचं वय, इयत्ता, गाव, आणि मग ठरलेला मजकूर: आई रागावल्याच्या रागातून, मोबाइल काढून घेतल्याने, वडील अभ्यासावरून बोलल्याने. मथळ्यात बहुतेक वेळा 'क्षुल्लक कारणावरून' हे शब्द असतात. वाचणारा 'हल्लीच्या पोरांना काही बोलायची सोय राहिली नाही' असं म्हणून पान उलटतो. ज्याच्या घरात त्या वयाचं मूल आहे, त्याचा हात पानावर जरा रेंगाळतो.

त्या बातमीतला सर्वांत फसवा शब्द 'क्षुल्लक' हा आहे. रागावणं हे त्या दिवशी सर्वांत शेवटी घडलेलं असतं. जबाब घेणारा विचारतो, 'काय झालं होतं?' आणि घरच्यांना सकाळचंच आठवतं. आधीचे सहा महिने कुठल्याच कागदावर येत नाहीत. शिवाय घराला अब्रूही सांभाळायची असते. 'पोटदुखीला कंटाळून' हे कारण आपण सगळ्यांनी इतक्या वेळा वाचलंय की महाराष्ट्रातल्या पोटदुखीवर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

सरकारी आकडेही याच जबाबांवर उभे राहतात. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या नोंदींनुसार २०२० साली देशात अठरा वर्षांखालच्या ११,३९६ मुलामुलींनी आपला जीव घेतला. त्यातल्या ४,००६ जणांपुढे 'कौटुंबिक समस्या' असं कारण आहे. त्याखाली 'प्रेमप्रकरण' १,३३७ आणि 'आजारपण' १,३२७. ज्या परीक्षेच्या ताणावर दर फेब्रुवारीत आपण अग्रलेख वाचतो, ती पहिल्या तिनांत नाही. पण 'कौटुंबिक समस्या' हा रकाना म्हणजे घरातलं अडगळीचं कपाट आहे. दारू पिऊन मारणारा बाप त्यात जातो, ठरवून टाकलेलं लग्न जातं, काकाचा नको तो स्पर्श जातो आणि चार्जरवरून झालेली बहीण-भावाची झटापटही जाते. कपाट किती भरलंय एवढं मोजून आत काय आहे ते कळत नाही.

आणि हे झाले फक्त मृत्यूंचे आकडे. स्वतःला इजा करून घेणारी बहुसंख्य मुलं कुठल्याच नोंदवहीत नसतात. ती शाळेत जातात, क्लासला जातात, गणपतीत ढोल वाजवतात.

इथे शब्दांचा थोडा गुंता सोडवायला हवा. इंग्लंडमधले संशोधक हेतू काहीही असो, स्वतःला जाणूनबुजून केलेली प्रत्येक इजा एकाच नावाखाली मोजतात. चौदा वर्षांच्या मुलीला 'तुला मरायचं होतं का?' असं विचारलं तर तिचं सकाळचं आणि संध्याकाळचं उत्तर वेगळं असू शकतं, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेत मरण्याचा हेतू नसलेली इजा आणि आत्महत्येचा प्रयत्न हे वेगळे धरले जातात. २०१३ साली आलेल्या त्यांच्या मनोविकारांच्या वर्गीकरणात पहिल्या प्रकाराला 'पुढील अभ्यासाची गरज असलेली अवस्था' म्हणून स्वतंत्र जागा मिळाली. मला व्यवहारात इंग्रजांची पद्धत पटते. दोन्ही प्रकारांची मुलं वेगळी नसतात. हेतू नसलेल्या इजेनंतर पुढे जिवाचा धोका वाढतो, हे पुरेसं सिद्ध झालेलं आहे.

प्रमाणाविषयी एक मोठा अभ्यास हाताशी आहे. सहा युरोपीय देश आणि ऑस्ट्रेलिया मिळून पंधरा-सोळा वर्षांच्या तीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना निनावी प्रश्नावली दिली गेली. तिचे निष्कर्ष २००८ साली आले. मागच्या एका वर्षात स्वतःला इजा केल्याचं ८.९ टक्के मुलींनी आणि २.६ टक्के मुलांनी सांगितलं. यातल्या आठांपैकी साधारण एकच घटना रुग्णालयापर्यंत पोहोचली होती. बाकीच्या सात घरातच राहिल्या, आणि त्यातल्या कितीतरी घरातल्यांनाही कळल्या नाहीत. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेला अंदाज असा, की मरण्याच्या हेतूविना स्वतःला कधी ना कधी इजा करणाऱ्या किशोरवयीनांचं प्रमाण सुमारे १७ टक्के आहे. बंगळुरूमधल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत तर जवळजवळ तिनांत एकाने होकार दिला होता. तुम्ही कुठला प्रश्न कसा विचारता यावर हे आकडे बरेच हलतात, त्यामुळे त्यांना फार घट्ट धरू नये. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मुलांचा पौगंडावस्थेपासून तिशीच्या उंबरठ्यापर्यंत मागोवा घेतला गेला, तेव्हा किशोरवयात इजा करणाऱ्यांपैकी दहांत नऊ जणांची ती सवय पुढे सुटलेली दिसली. ही दिलासा देणारी गोष्ट आहे. पण तोवरची सात-आठ वर्षं त्याच घरात काढायची असतात.

मग घराचा यात वाटा काय? भांडणं होतात म्हणून मूल स्वतःला इजा करतं, इतकं ते सरळ असतं तर आपल्याकडे दहावी-बारावीचं एकही मूल सुरक्षित राहिलं नसतं. त्या वयात घराशी भांडणं हा वाढीचाच भाग आहे. कपड्यांवरून, उशिरा येण्यावरून, आंघोळीवरून, खोलीतल्या पसाऱ्यावरून वाद होणारच. तेव्हा प्रश्न भांडणाची जात कोणती, ते संपतं कसं आणि संपतं का, इथे येतो.

यावर सर्वांत उजेड टाकणारं काम मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ई. मार्क कमिंग्ज यांचं वाटतं. त्यांचा विषय थेट स्व-इजा हा नव्हता. मोठ्यांच्या भांडणाचं मुलांच्या मनात काय होतं, हे ते पाहत होते. त्यांनी मुलांना मोठ्या माणसांच्या भांडणाची चित्रफीत दाखवली आणि तिचे शेवट बदलत ठेवले. एकात भांडण तसंच चालू राहिलं. एकात दोघं गप्प होऊन एकमेकांकडे पाहीनात. एकात विषय बदलला गेला, एकात एकाने माघार घेतली, आणि एकात दोघांनी माफी मागून किंवा तडजोड करून ते मिटवलं. भांडण पेटलं किती, यापेक्षा ते मिटलं की नाही यावर मुलांची अस्वस्थता जास्त अवलंबून होती. गप्प बसणं हे मुलांनी मिटणं धरलंच नाही, तेही चालू भांडणच धरलं. आणि मिटवणं बंद दाराआड झालं, मुलांना त्याची फक्त चाहूल लागली, तरीही ती बरीच सैलावली. १९९४ साली कमिंग्ज यांनी पॅट्रिक डेव्हिस यांच्यासोबत यातून एक सिद्धान्त मांडला. घर टिकणार आहे की नाही याची भावनिक खात्री मूल सतत तपासून पाहत असतं, असं तो सांगतो.

हे वाचताना प्रत्येक मराठी माणसाला आपला 'अबोला' आठवेल. 'बाबांना सांग, पान वाढलंय.' बाबा तीन फुटांवर बसलेले असतात. मूल उठतं आणि सांगतं. बाबा म्हणतात, 'तिला सांग, भूक नाही.' मूल परत वळतं. आठ वर्षांच्या मुलाला यात थोडी गंमतही वाटते. चौदाव्या वर्षी त्याच मुलाला कळतं की हे दोघं आपल्या अंगावरून एकमेकांना दगड मारताहेत. आपल्या कथा-नाटकांनी अबोला बराच गोड करून ठेवलाय, रुसवा-फुगवा म्हणून. चार-चार दिवस चालणारा अबोला गोड नसतो.

आपल्याकडे माफी मागायची रीत नाही, हीही अडचण. आई संध्याकाळी दाराबाहेरून म्हणते, 'ताट झाकून ठेवलंय, जेवून घे.' त्यात माया असते आणि ती मुलाला कळतेही. पण कमिंग्ज यांच्या भाषेत तो विषय बदलणं झालं. सकाळी 'तू आमच्या घरात जन्मालाच यायला नको होतीस' असं जे वाक्य उच्चारलं गेलं, ते त्या ताटाखाली झाकलं जातं, परत घेतलं जात नाही. मला वाटतं इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा हे परत न घेतलेलं वाक्य मुलांच्या अंगाला चिकटून राहतं.

वाक्यांचाच अभ्यास करणारी एक जुनी परंपरा लंडनमधली आहे. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण बरे होऊन घरी परतल्यावर कोण पुन्हा आजारी पडतं, हे तपासलं. नातेवाइकांच्या मुलाखतीत रुग्णाविषयी जिथे टीकेचा सूर जास्त, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. शब्द आणि स्वर, दोन्हींवरून ही टीका मोजली जाते. हेच माप पुढे चंडीगडमधल्या घरांना लावलं गेलं, तेव्हा भारतीय कुटुंबांत टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. आपल्या कुटुंबव्यवस्थेचं कौतुक करायला हा निष्कर्ष अनेकदा वापरला गेलाय. पण तो प्रौढ रुग्णांच्या घरांतला होता. आजारी माणसाला आपण सांभाळून घेतो. नववीतल्या, धडधाकट, मार्क कमी पडलेल्या मुलाला तसं सांभाळून घेतो का, हे चंडीगडने विचारलेलं नव्हतं.

ते २००७ साली अमेरिकेत विचारलं गेलं. मिशेल वेडिग आणि मॅथ्यू नॉक यांनी किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांच्याबाबत हेच माप लावून पाहिलं. पालकांची टीका आणि मुलांची स्व-इजा यांचा संबंध दिसला. पालकांची अति काळजी, अति गुंतणं याचा तसा दिसला नाही. जी मुलं मुळातच स्वतःला कमी लेखणारी होती, त्यांच्यात टीकेचा संबंध अधिक घट्ट होता. मुलं फक्त छत्तीस होती, म्हणून यावर इमारत बांधू नये. तरी बाहेरचा टीकेचा आवाज आतल्या आवाजाशी जुळला की तो दुप्पट मोठा ऐकू येतो, ही गोष्ट कुणालाही स्वतःवरून पटण्यासारखी आहे.

टीकेहून सूक्ष्म एक प्रकार आहे. तो नेमका मांडला अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी. त्या स्वतः सतरा वर्षांच्या असताना १९६१ साली मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि तेव्हा स्वतःला इजा करत होत्या, हे त्यांनी साठी उलटल्यावर, २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यांचं म्हणणं असं: काही मुलं जन्मतः जास्त हळवी असतात. त्यांच्या भावना लवकर पेटतात आणि उशिरा विझतात. अशा मुलाला जर असं घर मिळालं की जिथे त्याला जे वाटतं ते खोटं, अवाजवी किंवा नाटकी ठरवलं जातं, तर त्या मुलाला स्वतःच्या भावना ओळखायला आणि आवरायला शिकताच येत नाही. आपल्या घरांत यासाठी तयार वाक्यांचा साठा आहे. 'एवढ्याशा गोष्टीवरून काय रडायचं?' 'आमच्या वेळी आम्हाला विचारत तरी होतं का कुणी?' 'नाटकं बंद कर.' 'तुला कसला ताण? दोन वेळचं गिळायला मिळतंय ना?' यातलं एकही वाक्य दुष्टपणाने म्हटलेलं नसतं. बहुतेकदा समजूत घालण्यासाठीच असतं. ऐकणाऱ्याला मात्र कळतं ते एवढंच, की मला दुखतंय हे इथे कुणाला खरं वाटत नाही. मग दुखणं दिसेल असं करण्याची एक वाट उघडते. हाँगकाँगच्या शाळकरी मुलांचा दोन वर्षं मागोवा घेणाऱ्या अभ्यासात घरातली ही बेदखली पुढे इजा सुरू होण्याशी जोडलेली सापडली. शीला क्रोवेल यांनी तर आया आणि त्यांच्या किशोरवयीन मुली समोरासमोर बसवून एखाद्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं. स्वतःला इजा करणाऱ्या मुलींच्या जोड्यांत एकीने आवाज चढवला की दुसरीचा चढे, आणि तो खाली यायची वाट दोघींना सापडत नसे.

दोघींना, हे महत्त्वाचं. या विषयावरचं बरंच लेखन आई-वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं आणि आपल्याकडे तर तिथे फक्त आई उभी असते. संबंध दोन्ही दिशांनी चालतो. सतत पेटणारं मूल वाढवताना शांत पालकही टीकाखोर होतात. आणि इजा कळल्यावर तर घराचं पोलीस ठाणं होतं. ऑक्सफर्डमध्ये कीथ हॉटन यांच्या गटाने अशा मुलांच्या ३७ पालकांशी सविस्तर बोलून ठेवलंय. धक्का, लाज, राग, झोप उडणं, नोकरीतून रजा, दुसऱ्या मुलाकडे दुर्लक्ष, कुठला शब्द तोंडातून जाईल याची कायमची भीती. पुण्यात किंवा सोलापुरात हे पालक असते तर आणखी एक गोष्ट झाली असती. रात्री स्वयंपाकघरात दबक्या आवाजात 'तुझ्या लाडांनी' आणि 'तुमच्या आरडाओरड्याने' सुरू झालं असतं. भिंतीपलीकडे मूल जागं असतं.

'लक्ष वेधून घ्यायला करतात' या समजुतीचं काय, असं कुणी विचारेलच. नॉक यांनी स्व-इजेची कामं चार प्रकारांत मांडली आहेत. असह्य भावना क्षणभर थांबवणं, बधिर झालेल्या मनाला काहीतरी जाणवणं, कुणाची तरी दखल मिळवणं आणि अंगावर आलेल्या एखाद्या मागणीतून सुटणं. विचारल्यावर मुलं सर्वांत जास्त सांगतात ते पहिलं: डोक्यातलं जे चाललं होतं ते थांबवायचं होतं. दखल मिळवणं हे कमी जण सांगतात. पण एक निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एका पाठपुराव्यात इजा करू लागलेल्या मुलांचं वडिलांशी नातं पुढच्या काळात सुधारल्याचं दिसलं. कारण बहुधा असं: बाबा ऑफिसातून लवकर येऊ लागले, शेजारी बसू लागले. मुलाने हे ठरवून केलेलं नसतं. पण शब्दांनी मागून जे मिळालं नव्हतं ते असं मिळालं, एवढं शरीर शिकतं. तेव्हा लक्ष वेधायला करतो म्हणून लक्ष देऊ नका, हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला नेमका उलटा आहे. लक्ष इजेच्या आधी आणि इजेशिवाय मिळालं, तर हा धडा गिरवायची वेळ येणार नाही.

इथवरचं बहुतेक संशोधन पश्चिमेकडचं आहे आणि तिथलं मूल आपल्या खोलीत एकटं असतं. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. जीन मारेसेक आणि चांदनी सेनाधीरा यांनी श्रीलंकेतल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्याशी बोलून जे लिहिलं, ते वाचताना आपण परदेशातलं वाचतोय असं वाटत नाही. तिथे मुलींची स्व-इजा बहुधा घरच्यांशी झालेल्या खटक्यानंतर लगेच होते, कारण बहुतेकदा कुठल्यातरी मुलाशी बोलल्याचा संशय. मुलगी वडीलधाऱ्यांना उलट बोलू शकत नाही, घर सोडून जाऊ शकत नाही, राग दाखवू शकत नाही. तिच्या हातात उत्तर द्यायला उरतं ते स्वतःचं शरीर. आयांच्या लेखी प्रश्न घराण्याच्या नावाचा असतो, मुलींच्या लेखी आपल्यावर विश्वास न ठेवल्याचा.

आणि घराजवळचा अभ्यास गोव्यातला. अरविंद पिल्लई, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. गोव्यातल्या गावांतल्या आणि शहरांतल्या १६ ते २४ वयाच्या ३,६६२ तरुणांना विचारलं असता, मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येशी निगडित विचार किंवा वागणं ३.९ टक्क्यांनी सांगितलं. मुलगी असणं, शाळा-कॉलेज सुटलेलं असणं, घरात मारहाण, लैंगिक अत्याचार आणि नैराश्य-चिंतेसारखे त्रास यांचा त्याच्याशी संबंध होता. यादीत आणखी एक नाव होतं आणि ते वाचून मी थबकले: स्वतःचे निर्णय स्वतः घेणं. स्वतंत्र निर्णय घेणाऱ्यांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, धोका जास्त. स्वातंत्र्य घातक असतं असा याचा अर्थ लावणारे भेटतील. मला त्यात एक मुलगी दिसते, जिने मोबाइलवरचं जग आणि कॉलेजातली मैत्री यांच्या जोरावर काहीतरी ठरवलं आणि घराने तिच्याशी बोलणं टाकलं. आपल्याकडे प्रेम म्हटलं की त्यात जात आली, आणि जात आली की भांडण दोन माणसांचं राहत नाही, भावकी उतरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. त्या प्रत्येक घरात त्याआधी वादाच्या काही संध्याकाळी झाल्या असणार.

इथे 'विसंवाद', 'दोन पिढ्यांतलं अंतर' हे गुळगुळीत शब्द बाजूला ठेवावेत. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली, तेव्हा तिनांत दोन मुलांनी शारीरिक मार खाल्ल्याचं सांगितलं. कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे आई-वडील होते. मारहाण आणि अत्याचार हे संवाद वाढवून सुटणारे प्रश्न नाहीत. तिथे मुलाला आधी सुरक्षित जागा लागते, आणि मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लागतो. तसंच समलिंगी किंवा ट्रान्स मुलांचं. कॅलिफोर्नियातल्या केटलिन रायन यांनी २००९ मध्ये दाखवलं, की ज्या समलिंगी तरुणांना किशोरवयात घराने तीव्रपणे नाकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता फारशा न नाकारलेल्यांच्या आठ पटींहून जास्त होती. घराने 'हे खूळ आहे' म्हणणं आणि घराने मारणं यांच्यातलं अंतर मुलाच्या बाजूने फार कमी असतं.

घर बिघडलंय तर घरावर उपचार करा, हा साधा विचार. इंग्लंडने तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. ११ ते १७ वर्षांची, किमान दोनदा स्वतःला इजा केलेली ८३२ मुलं चाळीस केंद्रांतून निवडली. अर्ध्यांना कुटुंबोपचार, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. निकाल २०१८ मध्ये आला. पुढच्या दीड वर्षात पुन्हा इजा होऊन रुग्णालयात यावं लागलेली मुलं कुटुंबोपचाराच्या गटात २८ टक्के होती आणि दुसऱ्या गटात २५ टक्के. म्हणजे फरक नाही. अमेरिकेत पालक आणि मुलांमधला तुटलेला विश्वास सांधण्यावर भर देणारी एक उपचारपद्धती आहे. पहिल्या चाचणीत ती आशादायक ठरली. २०१९ च्या १२९ मुलांच्या चाचणीत मुलाचं फक्त नीट ऐकून घेणाऱ्या साध्या समुपदेशनाहून ती सरस निघाली नाही. दोन्ही गटांतली मुलं सुधारली. मला हे निराशाजनक वाटत नाही. कुणीतरी दर आठवड्याला ऐकतंय, हाच औषधाचा मोठा भाग असावा.

त्यातल्या त्यात टिकून राहिलेला पुरावा लिनेहान यांनी बांधलेल्या उपचारपद्धतीच्या, किशोरवयीनांसाठी केलेल्या आवृत्तीच्या बाजूने आहे. ऑस्लोमध्ये ७७ मुलांवर २०१४ साली आणि अमेरिकेत १७३ मुलांवर २०१८ साली तिच्या चाचण्या झाल्या आणि दोन्हीकडे उपचार संपताना तुलनेच्या गटापेक्षा इजा कमी होत्या. अमेरिकेत वर्षाअखेरीस दोन गटांतला फरक पुसट झाला, हेही नोंदवायला हवं. या पद्धतीत पालकांना मुलासोबत वर्गात बसवतात आणि पाठ देतात. न पटणारी भावनाही खरी असू शकते हे मान्य कसं करायचं, 'हो, तुला वाईट वाटणं साहजिक आहे' हे वाक्य 'पण' न जोडता कसं संपवायचं, याचा सराव करून घेतात. हा 'पण' गाळणं ऐकायला सोपं आहे. आज रात्री जेवताना करून पाहा.

आपल्याकडे असे उपचार देणारी माणसं मोठ्या शहरांतही मोजकी आणि महाग आहेत. मुंबईत शिल्पा अग्रवाल यांनी 'आत्मन' नावाचा आटोपशीर उपचार बांधला. प्रश्न सोडवणं, भावना आवरणं आणि आधाराची माणसं जोडणं हे त्याचे मुख्य भाग. तिसरा भाग मला आपल्या मातीतला वाटतो. आई-वडिलांशी जमत नसेल तर मावशी, आत्या, शेजारच्या काकू, एखादे पीटीचे सर. पूर्वी हे आपोआप असायचं. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ते मुद्दाम शोधावं लागतं. शाळांच्या पातळीवर युरोपातल्या दहा देशांत अकरा हजारांवर विद्यार्थ्यांबाबत एक प्रयोग झाला. मुलांनाच ताण, मैत्री, घरातले पेच यांवर नाट्यप्रसंग करायला लावणाऱ्या कार्यक्रमाच्या गटात वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न ०.७० टक्के राहिले, तुलनेच्या गटात ते १.५१ टक्के होते. शिक्षकांना 'ओळखा आणि कळवा' शिकवण्याने तसा फरक पडला नाही. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तोच कार्यक्रम गुजरातेतल्या मेहसाण्यात आणला.

हे सगळं येईल तेव्हा येईल. घरात मात्र एखाद्या दिवशी आईला मुलीच्या हाताकडे पाहून कळतं. पहिलं तोंडात येतं ते 'माझी शपथ आहे तुला, पुन्हा केलंस तर.' प्रेमाचंच वाक्य आहे. पण पुढच्या वेळी ते मुलीवर दोन ओझी टाकतं: दुखणं आणि मोडलेली शपथ. मग ती फक्त लपवायला शिकते. त्यापेक्षा, 'मी पाहिलं. मी ओरडणार नाहीये. लागलंय तिथे आधी धुऊ, बाकी तुला वाटेल तेव्हा बोल,' एवढं पुरतं. औषधांचं कपाट, शेतीची रसायनं असं सारं कुलपात जावं, तेही गाजावाजा न करता. आणि 'मरावंसं वाटतं का गं?' हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नये. १४४१६ या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पोलिसांची भीती बरीच घरं डॉक्टरकडे जाण्यापासून थांबवते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आणि त्याला शिक्षेपासून सोडवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर हा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या, दंड संहितेतल्या जुन्या ३०९ व्या कलमासारखं सरसकट कलमच नाही. रुग्णालय अजूनही पोलिसांना कळवतं, हवालदार येऊन जबाब घेतो, पण तो गुन्हेगाराचा जबाब नसतो.

शहाणा डॉक्टर मुलीला तपासताना एक गोष्ट हमखास करतो. घरच्यांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतो. आई आधी नको म्हणते, मग उठते. बाहेर लांब लोखंडी बाक असतो. आई एका टोकाला बसते, वडील दुसऱ्या. दोघंही दाराकडे बघत असतात. मधल्या जागेवर मुलीचं दप्तर ठेवलेलं असतं.